मत्स्यपेटीचा विद्युत्-नियंत्रक : मांडणी आणि देखरेख

शाळेच्या वर्गात काचेची मत्स्यपेटी आली म्हणजे पहिले चार दिवस मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. पुढे कडाक्याच्या थंडीची एखादी रात्र येते किंवा चैत्र-वैशाखातील रणरणती दुपार येते, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग उघडणाऱ्या शिक्षकाला पाण्यावर उलटे तरंगणारे दोन मासे दिसतात. मग कोणीतरी सुचवितो, की घरगुती मत्स्यपेट्यांसाठी बाजारात विद्युत्-नियंत्रक मिळतो. तो आणून लावावा म्हणजे काळजी मिटेल. नियंत्रक आणण्यास हरकत नाही. तो आता फारसा महागही राहिलेला नाही. परंतु काळजी मिटेल, हे म्हणणे खरे नव्हे. नियंत्रकाला काय कळते व काय कळत नाही, हे समजून न घेता तो जोडला, तर ज्या माशांच्या रक्षणासाठी तो आणला त्यांनाच तो घातक ठरतो.

माशाच्या शरीराचे तापमान सभोवारच्या पाण्याबरोबर चढते व उतरते. माणसाप्रमाणे शरीर आतून ऊन ठेवण्याची सोय बहुतेक माशांना नाही. नदीत वा तळ्यात पाण्याचा साठा मोठा असल्यामुळे तापमान सावकाश बदलते, आणि माशाला खोल जाण्यास किंवा सावलीत सरकण्यास वाव असतो. दोन फूट लांबीच्या काचपेटीत तो कोठे जाणार? शिवाय पाणी जितके ऊन, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांना तो सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येतो. त्यातच उन्ह पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात, ते भुकेमुळे नव्हे. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून.

काचपेटीत मासे व पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी दीर्घकाळ शुद्ध राखता येते, हे इंग्लंडात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रयोगाने दाखविले. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. उष्ण प्रदेशातील मासे थंड देशांत पाळणाऱ्या जुन्या हौशी लोकांपाशी वीज नव्हती. ते पेटीचा तळ पाटीच्या दगडाचा करीत आणि त्याखाली लहानसा दिवा ठेवीत. वात किती वर ठेवावयाची, हे माणसाने पाहावयाचे. म्हणजे नियंत्रक तो माणूसच. पुढे विजेचा हीटर आला आणि त्याबरोबर दोन धातूंची पट्टी आली. पितळ व लोखंड यांच्या पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडल्या असता तापविल्यावर पितळ अधिक प्रसरण पावते व जोडपट्टी लोखंडाच्या बाजूस वाकते. वाकली की विजेचा संपर्क तुटतो; निवली की सरळ होऊन पुन्हा जुळतो. आजच्या विद्युत्-नियंत्रकाने हेच काम अधिक नेमकेपणाने चालविले आहे.

या यंत्राचे भाग तीनच. पहिला संवेदक, म्हणजे पाण्यात सोडावयाची, तारेच्या टोकास असलेली बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यातील पदार्थाचा विद्युत्-रोध तापमान वाढले की घटतो, आणि त्या रोधावरून यंत्र तापमान ताडते. दुसरा भाग ठरविलेला आकडा व मोजलेला आकडा यांची तुलना करणारे मंडल. तिसरा रिले, म्हणजे लहान विद्युत्-चुंबकाने उघडझाप होणारे बटण; त्याच्यामार्फत हीटर किंवा पंखा चालू व बंद होतो. रिलेचा ‘टक्’ असा आवाज शांत वर्गात स्पष्ट ऐकू येतो. मुलांना तो अवश्य ऐकवावा.

ग्रामीण भागातील मुलांना या यंत्राची ओळख दुसऱ्या वाटेने करून देणे सोपे आहे. विहिरीवरील मोटारीला शेतकरी ‘ऑटो’ बसवितात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. परंतु पिकाला पाणी पुरे झाले की नाही, हे त्या ऑटोला ठाऊक नसते. वाफे तुडुंब भरून बांध फुटला तरी मोटर चालूच. याउलट पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा टाकी भरली की तोटी बंद करतो, कारण तो कामाचा परिणाम पाहत असतो. मत्स्यपेटीचा नियंत्रक या गोळ्याच्या जातीचा आहे. मात्र गोळ्याची दांडी वाकली किंवा तो टाकीच्या भिंतीला अडकला, तर काय होते, हेही प्रत्येक गावाने पाहिलेले असते. ते विसरू नये.

बाजारातील साध्या तापमान-नियंत्रकात बहुधा चार आकडे भरावे लागतात : ठरविलेले तापमान, फरक, विलंब आणि दुरुस्ती. यांपैकी ‘फरक’ हा आकडा नवख्याला अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात यंत्राचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे. ठरविलेले तापमान २४ व फरक १ असेल, तर पाणी २३ अंशांवर उतरल्यावर हीटर चालू होतो व २४ ला बंद होतो. पाणी २५ वर चढले तर पंखा चालू होतो व २४ ला बंद होतो. मधल्या पट्ट्यात यंत्र गप्प बसते. फरक अगदी कमी ठेवला, तर पाण्याच्या किंचित हालचालीनेही रिले सारखा उघडझाप करीत राहील आणि त्याचे संपर्क जळून चिकटतील. माशांना एका अंशाच्या सावकाश चढउताराने काही होत नाही. त्यांना सोसत नाही तो एका तासात चार-पाच अंशांचा उतार. म्हणून आकडा हलू नये असा हट्ट धरण्याचे कारण नाही. ‘विलंब’ हा आकडा मुख्यतः शीतयंत्राच्या सोयीसाठी आहे. तो कमीत कमी ठेवावा. ‘दुरुस्ती’चा विचार पुढे येईल.

आता ठरविलेले तापमान कोणते असावे? वर्गासाठी गप्पी मासे उत्तम. डासांच्या अळ्या खाणारे म्हणून ते खेड्यापाड्यांत परिचित आहेत, आणि २२ ते २८ अंशांत ते आनंदाने राहतात. सोनमासा दिसावयास मोहक. पण त्याला थंड पाणी मानवते, तो मोठा वाढतो, आणि लहान पेटीत त्याचे हालच होतात. कोकणात बहुतेक वर्षभर गप्पींना हीटरची गरजच भासत नाही; तेथे हीटर घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणेच होय. निफाडसारख्या भागात, जेथे पौष-माघात रात्री गारठून टाकणारी थंडी पडते, तेथे हीटर हवा. विदर्भ-मराठवाड्यातील शाळांपुढे खरा प्रश्न असतो तो उन्हाळ्याचा, आणि त्यासाठी हवा पंखा.

पंख्याने पाणी कसे निवते, हे सांगण्यास वर्गाच्या कोपऱ्यातील माठ पुरेसा आहे. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत वर थोडी जागा सोडून सुमारे ४५ लिटर पाणी मावते. त्यातील अवघे १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले, तर बाहेरून उष्णता आत येत नसल्यास उरलेले पाणी सुमारे १.३ अंशांनी उतरेल. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा, १२ व्होल्टवर चालणारा लहान पंखा या कामास पुरतो. पेटीवर काचेचे झाकण असेल तर त्या जागी जाळी बसवावी; झाकलेल्या पाण्यावर पंखा फिरविणे व्यर्थ होय. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, दमट हवेत तितकासा नाही. माठाचेही तसेच आहे. मात्र उन्हाळ्यात ठरविलेला आकडा हिवाळ्याचाच राहू देऊ नये. बाहेर ४२ अंश असताना नियंत्रकावर २४ लिहिलेले असेल, तर पंखा तो आकडा कधीच गाठू शकणार नाही. तो अहोरात्र फिरेल आणि पेटी रिती होत जाईल. उन्हाळ्यात २८ व फरक १ ठेवून हीटरचा प्लग काढून ठेवावा. हिवाळ्यात २४ व फरक १ ठेवून पंख्याचा प्लग काढावा. दोन्ही एकदम जोडलेले ठेवण्याची गरज शाळेला क्वचितच पडते.

संवेदकाचा आकडा खरा आहे की नाही, याची परीक्षा पेटीत मासे सोडण्यापूर्वी घ्यावी. एका पेल्यात बारीक ठेचलेला बर्फ व थोडे पाणी घालून ढवळावे. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते. संवेदक त्यात पाच मिनिटे ठेवला असता पडद्यावर १.२ दिसले, तर दुरुस्तीच्या जागी उणे १.२ भरावे. दुसरी परीक्षा कोमट पाण्याची. सुमारे ३८ अंशांच्या पाण्यात संवेदक व ताप पाहण्याचा तापमापक शेजारी-शेजारी धरून आकडे ताडून पाहावेत. दोन्ही परीक्षांत अर्ध्या अंशापेक्षा अधिक तफावत उरली नाही, तर मधल्या तापमानांसाठी यंत्र विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही. या दोन परीक्षा मुलांसमोर कराव्यात. यंत्राने दाखविलेला आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे, हे त्यांना तेथेच उमगते.

संवेदक कोठे बसवावा, यावर सर्व काही अवलंबून आहे. नियंत्रकाला पेटी दिसत नाही, मासे दिसत नाहीत, पाणीही दिसत नाही. त्याला कळते ते फक्त त्या नळीच्या टोकाचे तापमान. समजा, डिसेंबरातील शनिवार आहे. सकाळची शाळा सुटण्यापूर्वी मुलांनी पेटी स्वच्छ केली. काच पुसताना संवेदकाची तार ओढली गेली, रबरी चूषक सुटला आणि नळी पेटीच्या बाहेर लोंबकळत राहिली. कोणाच्या ध्यानी आले नाही. सायंकाळी वर्गाची हवा थंड होऊ लागली आणि रात्री पडद्यावर १५ हा आकडा आला. नियंत्रकाच्या दृष्टीने पाणीच १५ अंशांचे झाले. त्याने हीटर चालू केला. पाणी तापू लागले. परंतु हवा काही तापली नाही. म्हणून त्याने हीटर चालूच ठेवला. दुकानदाराने ‘मोठा असलेला बरा’ म्हणून २०० वॉटचा हीटर दिलेला होता. ४५ लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास अशा हीटरला आरंभी जेमतेम पाव तास लागतो. सोमवारी वर्ग उघडला तेव्हा काय दृश्य दिसेल, ते सांगावयास नको. यंत्रात कोणताही बिघाड झालेला नव्हता. त्याने आपले काम अगदी चोख बजावले होते.

मुलांनी नावे ठेवलेल्या माशांची अशी गत झाली, तर त्या वर्गात पुन्हा मत्स्यपेटी मांडण्याचा उत्साह कोणाला राहील? म्हणून मांडणी करतानाच अशी तजवीज करावी, की यंत्र चुकले तरी नुकसान थोडके व्हावे. संवेदक हीटरपासून दूरच्या टोकास, पाण्याच्या निम्म्या खोलीच्या खाली बसवावा, म्हणजे उन्हाळ्यात पातळी उतरली तरी तो उघडा पडणार नाही. केवळ चूषकावर विसंबू नये. तार पेटीच्या कडेला चापाने पक्की करावी. हीटर लहान घ्यावा. ४५ लिटरला ५० वॉटचा पुरतो. तो पाणी एका अंशाने चढविण्यास तासाभराहून अधिक वेळ घेतो. आणि चालूच राहिला तरी थोड्या अंशांवर जाऊन थांबतो, कारण पाणी जितके ऊन होते तितकी त्यातील उष्णता बाहेर अधिक जाते. त्याला फार कष्ट पडू नयेत यासाठी पेटीच्या मागील व दोन्ही बाजूंच्या काचांना थर्मोकोलचे तुकडे लावावेत. ज्या हीटरमध्ये स्वतःचा तापमान-खटका आहे तोच घ्यावा, आणि तो खटका नियंत्रकापेक्षा दोन अंश वर ठेवावा. नियंत्रक २४ ला हीटर बंद करतो. तो चुकलाच, तर हीटरचा खटका २६ ला करील. हे दुहेरी कुलूप झाले. हवेचा पंप मात्र नियंत्रकामार्फत जोडू नये. तो थेट सॉकेटवर चालावा, म्हणजे नियंत्रक बंद पडला तरी बुडबुडे थांबणार नाहीत. शेवटी पेटीच्या दर्शनी काचेवर साधा, विजेशिवाय चालणारा तापमापक लावावा. त्याचा व नियंत्रकाचा आकडा दोन अंशांनी जरी वेगळा दिसला, तरी काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

विजेसंबंधी कोणतीही सवलत घेऊ नये. पाणी, वीज आणि लहान मुले ही तिन्ही येथे एका जागी येतात. नियंत्रकाची २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी. ती झाकण असलेल्या बंद डब्यात असावी आणि डबा पेटीच्या वर किंवा खाली नव्हे, तर बाजूच्या भिंतीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर असावा. ज्या सॉकेटवरून हे सर्व चालते त्यास भूमिजोड असावी, आणि ३० मिलिॲम्पिअरची गळती होताच वीज तोडणारा खटका बसविलेला असावा. हा खर्च टाळावयाचा असेल, तर नियंत्रकच टाळावा. पेटीतून येणारी प्रत्येक तार सॉकेटच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब त्या झोळीतून जमिनीवर पडतील. पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. हीटर पाण्याबाहेर काढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावा. तापलेली काच थंड हवा लागताच तडकते.

वायरमनने डबा तयार करून दिल्यावर तो लगेच पेटीला जोडू नये. हीटरच्या जागी झिरोचा बल्ब लावून टेबलावर मांडावा आणि ठरविलेला आकडा २८ ठेवावा. संवेदक थंड पाण्याच्या पेल्यात बुडविला की ‘टक्’ आवाज होऊन बल्ब लागतो. तोच एखाद्या मुलीने मुठीत धरला की आकडा चढत जातो व २८ ला बल्ब विझतो. तिने मूठ उघडली की लगेच तो लागत नाही. आकडा २७ पर्यंत उतरावा लागतो. ‘फरक’ म्हणजे काय, हे फळ्यावर अर्धा तास समजावून जे साधत नाही, ते येथे दोन मिनिटांत साधते. नंतर नळी पेल्याबाहेर काढून नुसतीच हवेत धरावी आणि मुलांना विचारावे, की आता यंत्राला काय वाटत असेल? थंडीच्या सकाळी बल्ब लागलेलाच राहतो, आणि वर सांगितलेली शनिवारची गोष्ट मुले स्वतःच पुरी करतात. तिसरी-चौथीच्या मुलांनी रोज मधल्या सुट्टीत काचेवरील तापमापक वाचून वहीत नोंद करावी. सहावी-सातवीच्या मुलांनी एक दिवस दर दहा मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढावा. करवतीच्या दातांसारखी चढउताराची रेषा मिळते.

याहून मोठे, किमती नियंत्रकही मिळतात. ते पाण्याची आम्लता मोजतात, दिवे हळूहळू मंद करतात, खाद्यही टाकतात. प्राथमिक शाळेने त्यांच्या नादी लागू नये. आम्लता मोजणारी दांडी प्रमाण द्रावणांत वारंवार तपासावी लागते, आणि आपोआप खाद्य टाकणारा डबा दमट हवेत एक तर अडकतो किंवा भसकन ओततो. न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया होतो. हा अमोनिया साध्या नियंत्रकाला मुळीच कळत नाही. तो खाणारे जीवाणू नव्या पेटीत पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात; तोवर मासे थोडेच ठेवावेत आणि दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. दिव्यासाठी वेळेचे बटण घेणे झाल्यास आत सेल असलेले घ्यावे. बिनसेलाचे बटण वीज गेली की थांबते, आणि दोन-तीनदा वीज गेल्यावर दिवा भलत्याच वेळी लागू लागतो. दिवसाकाठी सात-आठ तास उजेड पुरे. अधिक झाल्यास काच शेवाळाने हिरवी होते.

वीज जाऊन परत आल्यावर नियंत्रकात भरलेले आकडे टिकतात की नाही, हे पहिल्याच दिवशी प्लग काढून व पुन्हा लावून पाहावे. लांबलेल्या भारनियमनात पंप बंद असेल, तर मुलांनी दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी काढून थोड्या उंचीवरून परत पेटीत ओतावे. खळखळाटाने हवा मिसळते. दिवाळीच्या सुट्टीत पेटी वर्गात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा जवळ राहणाऱ्या शिक्षकाच्या किंवा पालकाच्या घरी हलविणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल, तर हीटर बंद करावा, पंप चालू ठेवावा, आणि एक दिवसाआड कोणी डोकावून जाईल अशी व्यवस्था करावी. मोठे गप्पी चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. येणाऱ्याने चिमूटभरच खाद्य घालावे, आणि ते आधीच पुड्या बांधून ठेवावे. डब्यावर एक कार्ड चिकटवावे : ठरविलेला आकडा, फरक, संवेदक पाण्यात असल्याची खूण पाहण्याची जागा, आणि मुख्य बटण कोणते. येणाऱ्याने आधी नळी पाण्यात आहे की नाही हे पाहावे, मग पडद्यावरचा आकडा वाचावा.